वॉर्डातला सव्विसावा दिवस: शिव्या, एक कानाखाली आणि पाच नंबरचे आजोबा

पांढरे_बूट | मंगळवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. घरी सांगितलं तर आई उद्यापासून जाऊच नको म्हणेल म्हणून इथे लिहितेय.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी लागले. मेल मेडिसिन वॉर्ड. खाटा 40, आज सकाळी पेशंट 57, म्हणजे खाटांच्या मधे गाद्या आणि गाद्यांच्या मधे नातेवाईकांच्या पिशव्या. मॉर्निंगला आम्ही तिघी, त्यातल्या इनचार्ज मॅडम इंडेंट (औषध-सामानाची मागणी), रजिस्टर आणि राऊंड यातून सुटल्या तर आमच्या, नाहीतर दोघीच.

आठला ओव्हर घेतलं, म्हणजे नाईटकडून पेशंटची माहिती आणि ताबा. नाईटच्या सिस्टर रात्रभर उभ्या होत्या बिचाऱ्या, घाईघाईत सांगत गेल्या, पाच नंबर लय त्रासदायक, रात्रभर बोंबललाय. अकरा चांगला आहे पण किरकिऱ्या. सतरा शिव्या देतो. बावीसच्या नातेवाईकांपासून जपून. मी सगळं मान डोलावून ऐकलं.

पाच नंबर म्हणजे 78 वर्षांचे आजोबा, तापासाठी ॲडमिट, प्रोस्टेटमुळे कॅथेटर (लघवीची नळी) घातलेला. सारखे नळी ओढायचे, धोतर फेडायचे, "सोडा मला घरला जायचंय" चालू. बीपी घ्यायला गेले तर लाथ मारली. मी दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा चक्क ओरडले, "आजोबा आता हात लावला ना तर बांधून ठेवीन." शेजारचे पेशंट हसले. मला जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

अकराच्या सुमारास इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) लिहायला बसले तेव्हा बघितलं की युरो बॅगेत, म्हणजे लघवीच्या पिशवीत, 150 मिली, आणि नाईटने पहाटे सहाला लिहिलेलंही 150. पोटाला हात लावला तर बेंबीखाली दगडासारखं घट्ट. इंटर्नला धरून आणला, त्याने सलाईनने नळी धुतली, रक्ताच्या गाठीने तुंबलेली होती, ती सुटली आणि मग थांबवून थांबवून 900 मिली लघवी निघाली. आजोबा पाच मिनिटांत घोरायला लागले. मी तीन तास त्यांना दम देत होते आणि ते तीन तास मला तेच सांगत होते, फक्त त्यांना नीट सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात अकरा नंबर. रिटायर्ड गुरुजी, शुगर आणि किडनीचा त्रास, काल मला "बेटा" म्हणाले होते. बाराच्या आसपास गेले तर डोळे वेगळेच, शर्ट घामाने भिजलेला, मी दंडाला पट्टा बांधायला लागले आणि त्यांनी फाडकन कानाखाली मारली. माझे कान गरम झाले, डोळ्यात पाणी आलं, त्यांची सून ओरडायला लागली. पण आजोबांचा धडा तासाभरापूर्वीचाच होता, म्हणून रडत रडतच ग्लुकोमीटर आणला. शुगर 41, पार उतरलेली. मॅडमनी डॉक्टरांना हाक मारली, 25 टक्के डेक्स्ट्रोजची (ग्लुकोजची) 100 मिलीची बाटली विगोतून (शिरेत लावलेल्या सुईतून) दिली, आणि थोड्या वेळाने तेच गुरुजी मला विचारतात, "बेटा तुझा गाल कशानं लाल झाला?" मी म्हटलं उन्हानं.

सतरा नंबर चोवीस वर्षांचा मुलगा, कीटकनाशक औषध प्यायलेला. त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिनच्या ड्रिपवर आहे. तोंड लालबुंद, ओठ कोरडे, हवेतून काहीतरी वेचत असतो आणि ज्या शिव्या देतो त्या मी इथे लिहू शकत नाही. हात बँडेजने बांधलेत. त्याचा बाप प्रत्येक शिवीनंतर माझ्यासमोर हात जोडतो. त्या बापाकडे बघवत नाही.

बावीस नंबरला डेंग्यू, मुलगा उतारावर आहे, तोंडाने खातोय पितोय म्हणून राऊंडला सलाईन बंद केलं. त्यावरून चारजण अंगावर आले, एकाने मोबाईल काढून शूटिंग, "नाव काय तुझं, सरकारी पगार घेता, बाटली लावायला जिवावर येतं का, आमचा माणूस मंत्रालयात आहे." मी कंत्राटी आहे हो, असं सांगावंसं वाटलं.

आणि शेवटचा, नंबर लिहीत नाही. चाळिशीचा, धडधाकट, उद्या डिस्चार्ज. इंजेक्शन देताना मनगट धरून ठेवलं आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोलला. त्याची शुगर कमी नव्हती आणि लघवीही तुंबली नव्हती. मी काहीच बोलले नाही, ट्रे घेऊन निघून आले आणि लिनन रूममधे पाच मिनिटं उभी राहिले.

दोनची ड्युटी साडेतीनला संपली, डबा चारला उघडला, भाजी आंबली होती. आता प्रश्न असा की जुन्या लोकांना कसं कळतं, हा पेशंट आजारामुळे असा वागतोय की मुळातच असा आहे? आणि दुसऱ्या जातीच्या माणसाशी (जात म्हणजे ती जात नव्हे) वागायचं कसं?

---

कोयनाकाठ | रात्री 10:52

बाप रे. एका दमात वाचलं. डोळे वेगळेच म्हणजे कसे ते माझ्या आजीमुळे माहितीये, शुगर उतरली की ती मला ओळखायची नाही आणि चोर म्हणायची. लिहीत राहा.

---

हेकट | रात्री 11:15

लेख चांगला, पण नाण्याची दुसरी बाजू कोणी बोलणार नाही म्हणून मी बोलतो. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात तिला जे ऐकवलं गेलं ते मी पण इथे लिहू शकत नाही. कळा येत होत्या तर ओरडायची पण चोरी. तुम्ही "बरं वाटलं" लिहिलंत ना आजोबांना दम दिल्यावर, तिथेच सगळं आलं. सव्विसाव्या दिवशी ही गत तर सव्विसाव्या वर्षी काय?

---

ब्रदर_नाईटवाला | रात्री 11:31

@हेकट, दिवसभराच्या मारानंतर पोरगी प्रामाणिकपणे लिहितेय तर लगेच काठी काढली का.

सिस्टर, मी सहा वर्षं मेल वॉर्डला नर्स आहे. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हिशोबाचं आहे. इंडियन नर्सिंग काउन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलला 3 पेशंटमागे 1 नर्स आणि जनरल हॉस्पिटलला 5 मागे 1 आहे. तुमच्याकडे 57 ला 3. पेशंट असा का वागतोय हे ओळखायला त्याच्यापाशी दोन मिनिटं उभं राहावं लागतं, ती दोन मिनिटंच नाहीत, मग आपण ओरडतो. ओरडणं स्वस्त पडतं.

दुसरं, "बांधून ठेवीन" ही धमकी म्हणून कधी वापरू नका. बांधायचं तर डॉक्टरांची लेखी ऑर्डर, नातेवाईकांना सांगून. गाठ खाटेच्या फ्रेमला मारायची, रेलिंगला नाही, रेलिंग खाली केलं की हात उपटतो. पट्टीखाली दोन बोटं जायला पाहिजेत आणि बोटांचा रंग येता जाता बघायचा. सतरा नंबरला पण हे बघा. ॲट्रोपिनवाल्याचं अंग तापतं, घाम येत नाही, त्यामुळे तो जास्त तडफडतो. ते पोरगं शिव्या देत नाही, ॲट्रोपिन देतंय. ड्रिप कमी होत गेली की एक दिवस सकाळी एकदम शांत आवाजात पाणी मागेल. तेव्हा त्याला कोणी "बापाचा विचार केला नाहीस का" असं बोलू नये एवढं मात्र बघा, कारण वॉर्डातला प्रत्येक जण येऊन तेच बोलून जातो. मानसोपचारवाल्यांचा कॉल झाल्याशिवाय डिस्चार्ज नको, आणि बापाला 14416 नंबर लिहून द्या, टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मराठीत बोलतात.

---

पांढरे_बूट | रात्री 11:48

@हेकट, राग नाही आला. ट्रेनिंगमधे लेबर रूमला असताना मी ते ऐकलंय आणि तेव्हाही गप्पच बसले होते. म्हणून तर ते वाक्य खोडलं नाही.

@ब्रदर, बोटं उद्या बघते. खरंतर आजच बघायला हवी होती.

---

डॉ_अर्धझोप | बुधवार, पहाटे 3:20

ड्युटी रूममधून. रेसिडेंट आहे, वर्ष दुसरं. पेशंट आक्रमक झालाय असा कॉल आला की आम्हाला पण आधी झोपेचं इंजेक्शनच आठवतं आणि ते चुकीचं आहे, एका पेशंटने शिकवलं मला, त्याचं ऑक्सिजन 78 होतं आणि मी त्याला झोपवायला निघालो होतो, सुदैवाने सिस्टरनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा प्रोब लावला.

म्हणून माझा क्रम सांगतो. आधी शुगर, मग ऑक्सिजन, मग पोटाखाली हात, मग दुखतंय का, ताप आहे का, संडास किती दिवसांत झाली नाही. म्हाताऱ्या माणसात सोडियम उतरलं किंवा लघवीत इन्फेक्शन झालं तरी माणूस बदलतो. आणि हा बदल वरखाली होतो, सकाळी राऊंडला एकदम शहाणा, संध्याकाळनंतर कपडे फेडतो, मग आम्ही म्हणतो नाटक करतो. चष्मा आणि कानाचं मशीन घरी राहिलंय का तेही विचारा.

अजून एक, जो मेल वॉर्डला आठवड्याला भेटतोच. पहिला दिवस शहाण्यासारखा पडून असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक हात थरथर, घाम, चादरीवरच्या मुंग्या झटकतो, नाही त्या माणसाशी बोलतो. ही दारू सुटल्याची लक्षणं. फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. "शेवटची कधी घेतली" हे ॲडमिशनला विचारायचं, पण बायको-पोरांदेखत नाही, त्यांच्यासमोर सगळे माळकरी असतात. आणि त्याला ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन (बी1 जीवनसत्त्व).

गुरुजींचं बघा, किडनी खराब आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर एक बाटली देऊन भागत नाही, काही तासांनी शुगर परत पडते. ड्रिप चालू आहे ना? तासातासाला शुगर?

---

पांढरे_बूट | पहाटे 5:50

हो सर, 10 टक्के डेक्स्ट्रोज चालू केलंय, इव्हिनिंगला ओव्हरमधे सांगून आले. गोळी त्यांच्या पिशवीत होती, राऊंडला बंद केलेली, पण जेवण झाल्यावर स्वतःच घेतली त्यांनी, सवयीने. सुनेला माहीतच नव्हतं बंद केलेलं. सांगितलं कोणीतरी असेल, पण कोणाला? त्या वेळी मुलगा होता म्हणे.

---

पेशंटचा_मुलगा | सकाळी 6:05

मी तुमचा बावीस नंबर आहे, म्हणजे तो नव्हे पण तसाच. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी एका सिस्टरवर इतका ओरडलो होतो की वॉचमन आला. आज लाज वाटते पण तेव्हाचं डोकं सांगतो, तुम्हाला उपयोग होईल. तीन दिवस हातात फाईल घेऊन फिरत होतो, इकडे जा तिकडे जा, सीटीची लाईन, रक्ताची लाईन, डॉक्टर सकाळी दहा मिनिटं दिसायचे ते पण इंग्रजीत एकमेकांशी बोलायचे. सिस्टर मात्र कायम समोर दिसायची. जी दिसते तिलाच शिव्या बसतात. डॉक्टर दिवसभर तिथे असते तर त्यांना दिल्या असत्या.

आणि बाटलीचं म्हणाल तर आमच्याकडे बाटली म्हणजे उपचार. बाटली काढली म्हणजे सरकारने हात वर केले असं वाटतं. गावाकडचा डॉक्टर अशक्तपणा आला की लगेच एक लावतो ना, पैसे घेऊन.

---

इनचार्जबाई | सकाळी 6:50

मी मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झाले, चौतीस वर्षं. आधी बाटलीचं. मी काय करायचे, नातेवाईकाला बाटलीवरचं लेबल वाचायला लावायचे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमधे साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजवाल्या 5 टक्केच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाचसहा चमचे. मग विचारायचे, पोराच्या तोंडात पेज घालू की हातात सुई? डेंग्यू उतरताना जास्तीचं पाणी छातीत साठतं, तेही सांगायचं. दहातले सहा ऐकतात. उरलेले चार आरडाओरडा करतात, त्यांच्याशी एकटीने बोलायचं नाही. शूटिंग करणाऱ्याला म्हणायचं, माझं कर पण शेजारच्या पेशंटचं अंग उघडं आहे, त्याची परवानगी घेतलीस का. हात खाली येतो. आणि हात उचललाच तर महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, डॉक्टरांसारखाच नर्सना आणि शिकाऊ मुलींनाही लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. पण तक्रार दवाखान्याने द्यायला हवी म्हणून मागे लागायचं, एकटीने पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढायच्या नाहीत.

आता त्या न लिहिलेल्या नंबरचं. अगं बाळा, लिनन रूममधे आम्ही सगळ्याच उभ्या राहिलोय. त्याच्याशी हळू आवाजात बोलू नकोस, तिथेच चूक होते. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझा हात सोडा. इंजेक्शन घ्यायचं असेल तर हात खाटेवर ठेवा." बस एवढंच, पुढे वाद नाही. मग जाऊन नर्सेस नोट्समधे वेळ टाकून लिहायचं, जे बोलला ते शब्द जसेच्या तसे, लाजायचं नाही. पुढचं इंजेक्शन ब्रदरने नाहीतर दोघींनी मिळून. इनचार्जला सांगायचं आणि तिने हसण्यावारी नेलं तर दवाखान्यात समिती असते तिच्याकडे, लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात दवाखाना ही कामाचीच जागा आहे आणि छळ करणारा पेशंट असला म्हणून सूट नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुझ्या लेखात तुलाच दिसलं नाही. ओव्हर घेताना विशेषणं घेत जाऊ नकोस, आकडे घे. "पाच नंबर त्रासदायक" म्हटलं की विचारायचं, युरिन किती, कधीपासून तेवढीच? "किरकिऱ्या" म्हटलं की शेवटची शुगर कधी? तुला ओव्हरमधे चार शेरे मिळाले आणि एकही आकडा मिळाला नाही, आणि तू पण मान डोलावलीस. नाईटची सिस्टर दमलेली असते, तिच्यावर चिडायचं नाही, पण खाटेपाशी घेऊन जायचं आणि बॅग दोघींनी बघायची. टेबलावर ओव्हर घ्यायचंच नाही.

---

हेकट | दुपारी 12:10

इनचार्जबाई, तुम्ही असता तर माझ्या बहिणीला ते ऐकावं लागलं नसतं.

---

इनचार्जबाई | दुपारी 12:25

कशावरून? मी पण ओरडलेय. पहिली दहा वर्षं तर खूप.

---

मुक्काम_श्टुटगार्ट | दुपारी 2:40

इथे जर्मनीत वृद्धांच्या वॉर्डात आहे, मूळची सांगलीची, जर्मन भाषेची बी2 परीक्षा पास होता होता केस पांढरे झाले. इथे नातेवाईक खाटेपाशी नसतात, ठरल्या वेळी येतात आणि जातात. अंघोळ, डायपर, भरवणं, दात घासणं सगळं नर्सनेच करायचं. आल्या आल्या मला फार अपमान वाटला, शिकून सवरून हेच का, आपल्याकडे हे मावशी नाहीतर घरचे करतात. पण रोज अंग पुसताना कळतं, कुठे लाल झालंय, पोट कुठे ताणलंय, कालच्यापेक्षा आज कुठे हात लावू देत नाहीये. तुमचे आजोबा इथे असते तर सातला अंघोळीच्या वेळीच सापडले असते. याचा अर्थ इथे स्वर्ग आहे असा नाही. माझ्या एका आजोबांना विस्मरणाचा आजार आहे, रोज सकाळी ते मला परदेशी म्हणून खोलीबाहेर हाकलतात आणि रोज संध्याकाळी माझा हात धरून बसतात. पहिल्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही हे जमलंय, दुसऱ्याचं बरं वाटून घ्यावं का हे अजून ठरत नाही.

अवांतर: ज्वारीची भाकरी कोणी थापत असेल तर फोटो टाकू नका कृपया.

---

पांढरे_बूट | गुरुवार, सकाळी 6:30

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर द्यायला वेळ नाही, निघतेच आहे. कालचं पटकन सांगते.

ओव्हर खाटेपाशी घेतलं. नाईटच्या सिस्टर म्हणाल्या "लई शहाणी झालीस", पण आल्या. सतरा नंबरची डाव्या हाताची पट्टी घट्ट होती, सैल केली. त्या माणसाला डिस्चार्जच्या आधी शेवटचं इंजेक्शन होतं, मी मोठ्याने बोलले, आवाज कापत होता, पण बोलले. तो म्हणाला "मी काय केलं?" आणि शेजारचा म्हणाला "सगळ्यांनी बघितलंय काय केलं ते." नोट्समधे लिहिलंय. मॅडमनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, सही केली आणि इंजेक्शन वॉर्डातल्या ब्रदरनी दिलं.

गुरुजी मात्र गेले. म्हणजे घरी गेले, डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून डिस्चार्ज). शेतीची कामं पडलीत, शुगर आता बरी आहे, सही करतो म्हणाला मुलगा. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं. मी त्या गोळीचं पाकीट काढून सुनेच्या हातात दिलं, वर पेनाने फुली मारून, आणि तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं की ही द्यायची नाही. मुलगा गाडी आणायला गेला होता म्हणून तिच्याशीच बोलता आलं. पोचतं की नाही काय माहीत.

पाच नंबरच्या आजोबांचा कॅथेटर आज सकाळी काढणार आहेत. काढल्यावर सहा तासांत आपोआप लघवी झाली तर ठीक, नाहीतर परत घालावा लागेल, आणि तो घालताना मलाच धरावं लागणार आहे.

---

कोयनाकाठ | दुपारी 1:15

झाली का?

---

ब्रदर_नाईटवाला | दुपारी 1:50

नळाचा आवाज ऐकवा. हसू नका, चालतं.

---

हेकट | दुपारी 3:05

अपडेट?

---

डॉ_अर्धझोप | दुपारी 3:40

माझे स्वतःचे सतरा पेशंट आहेत आणि मी यांच्या आजोबांच्या लघवीची वाट बघतोय.

---

पांढरे_बूट | संध्याकाळी 5:20

झाली. पावणेदोनला, 250 मिली, उभं राहून. मी पॉट धरला होता आणि ते म्हणाले, "ए पोरी, तोंड तिकडं कर की."